धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा आणि शाळेतल्या २५ टक्के जागा: पैसा कुठून येतो, कुठे अडतो?

जमाखर्च

हे दोन विषय वेगळ्या खात्यांचे आहेत, तरी मुद्दाम एका धाग्यात घेतोय. दोन्हीकडे व्यवहार सारखाच आहे. खासगी संस्थेला समाजाकडून काहीतरी मिळतं आणि त्या बदल्यात तिने काही जागा गरिबांसाठी ठेवायच्या असतात. रुग्णालयाला सवलतीत जमीन, वाढीव चटईक्षेत्र, आयकरात सूट मिळते. शाळेला दर मुलामागे प्रतिपूर्ती, म्हणजे सरकारकडून खर्चाची भरपाई, मिळते. हक्क कायद्यात लिहिलेला आहे. अडतं ते हिशेबात, आणि हिशेब कुणी मागत नाही म्हणून ते अडलेलंच राहतं.

रुग्णालयापासून सुरू करतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१ कक. वार्षिक खर्च पाच लाखांपेक्षा जास्त असलेल्या आणि सरकारी मदत किंवा सवलत घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना ते लागू होतं. कलम होतं, पण पाळलं जात नव्हतं. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ऑगस्ट २००६ मध्ये न्यायालयाने योजना मंजूर केली आणि ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. एकूण कार्यरत खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. सुरुवातीला उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला २५ हजार आणि दुर्बल घटकांसाठी ५० हजार होती. वाढत वाढत ती आता १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार झाली आहे. बऱ्याच ठिकाणी जुनेच आकडे सांगून लोकांना परत पाठवतात, म्हणून हे दोन आकडे आधी लक्षात ठेवा.

पैशाची सोय योजनेतच आहे. रुग्णालयाने बाकी सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, म्हणजे ज्याला सगळे आयपीएफ म्हणतात त्यात, वेगळ्या खात्यावर टाकायची. वर्षाला ५० कोटींची बिलं असतील तर १ कोटी या निधीत यायला हवा. हा पैसा रुग्णालयाच्या खिशातला नसून गरिबांच्या नावाने बाजूला काढलेला आहे.

केशरी_कार्ड

धाग्याबद्दल आभार. एक विचारायचं होतं. 'फक्त पिवळं कार्ड चालतं, केशरी नाही' असं खिडकीवर सांगतात. हे खरं आहे का?

ओपीडी_खिडकी

नाही. कसोटी उत्पन्नाची आहे, कार्डाच्या रंगाची नाही. वैद्यकीय समाजसेवकाने कागद पाहून आर्थिक स्थिती ठरवायची असते. तहसीलदाराचा दाखला, शिधापत्रिका, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड यावर ते होतं. केशरी कार्ड मुळात १५ हजारांच्या वर आणि १ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांना मिळतं, म्हणजे तो माणूस १ लाख ८० हजारांच्या आतच आहे. मात्र कार्ड दहा वर्षांपूर्वीचं असेल तर आजचं उत्पन्न त्यावरून कळत नाही अशी हरकत घेतात, आणि त्यात थोडं तथ्य आहे. म्हणून तहसीलदाराचा चालू वर्षाचा दाखला हाती असलेला बरा.

दाखल्याला सेवा हमी कायद्याखाली १५ दिवसांची मुदत आहे. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करता येतो. घरात म्हातारं माणूस, डायलिसिसचा रुग्ण किंवा गरोदर बाई असेल तर दाखला आजारपण येण्याआधीच काढून ठेवावा. लोक धावतात ते रुग्ण अतिदक्षता विभागात गेल्यावर, आणि तोवर बिल सर्वसाधारण दराने सुरू झालेलं असतं.

सगळ्यात जास्त प्रकरणं फसतात ती अर्जाच्या वेळेवरून. डिस्चार्जच्या दिवशी एकरकमी बिल हातात पडलं की नातेवाईक योजनेचं विचारतात. तोवर औषधं छापील किमतीने लागलेली असतात, रुग्ण कदाचित दोन खाटांच्या खोलीत असतो, आणि 'तुम्ही स्वतः ही श्रेणी निवडलीत' असं उत्तर मिळतं. दाखल होतानाच, पहिल्याच दिवशी, समाजसेवा विभागाकडे लेखी अर्ज द्या. पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच मजकुराचा ईमेल रुग्णालयाला आणि प्रत धर्मादाय सहआयुक्त कार्यालयाला पाठवा. वेळ आणि तारीख आपोआप नोंदली जाते.

आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. जीव वाचवण्यासाठी लागणारे उपचार रुग्ण स्थिर होईपर्यंत द्यायचे, मग गरज असेल तर सार्वजनिक रुग्णालयात न्यायची सोय करायची, असं योजनेतच आहे. कागद नंतर येतील म्हणून दार अडवता येत नाही.

जमाखर्च

ओपीडी_खिडकी यांनी छापील किमतीचा उल्लेख केला. निधी गळतो तो नेमका तिथेच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया, सहा दिवस मुक्काम, साधं बिल २ लाख १० हजार. त्यात खाट आणि शुश्रूषा ३८ हजार, शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ ६० हजार, शस्त्रक्रियागृह ३२ हजार, तपासण्या १८ हजार, औषधं आणि वापरून टाकायचं साहित्य २२ हजार, इम्प्लांट ४० हजार.

हाच रुग्ण निर्धन म्हणून नोंदला तर खाट, शुश्रूषा, निवासी डॉक्टर, चादरी, पाणी, वीज या सेवांचं बिलच लावायचं नाही. ३८ हजार गेले. बिल लागणाऱ्या सेवा त्या रुग्णालयाच्या सगळ्यात खालच्या श्रेणीच्या दराने धरायच्या. समजा शस्त्रक्रियागृह २० हजार आणि तपासण्या १२ हजार झाल्या. औषधं आणि इम्प्लांट रुग्णालयाला पडलेल्या खरेदी किमतीने लावायची, समजा १४ हजार आणि २४ हजार. डॉक्टरांनी मानधन सोडलं तर तेही वजा होतं. बेरीज ७० हजार. ही रक्कम निधीतून वळती होते आणि रुग्ण शून्य भरतो.

दुर्बल घटकातल्या रुग्णाच्याही बिल लागणाऱ्या सेवा सवलतीच्या दरानेच मोजायच्या, पण औषधं, साहित्य आणि इम्प्लांट यांच्या खरेदी किमतीच्या निदान निम्मी रक्कम त्याने भरायची. वरच्या उदाहरणात ३८ हजारांचे १९ हजार.

आता एखाद्या रुग्णालयाने निधीतून ७० हजारांऐवजी पूर्ण २ लाख १० हजार वळते केले, तर कागदावर एकाच माणसावर उपचार झाले, पण निधी तिघांचा संपला. पुढच्याला 'आयपीएफ शिल्लक नाही' हे उत्तर मिळतं. म्हणून शिल्लक किती एवढंच विचारू नका. वळतं करताना दर कोणता लावला तेही विचारा. खरेदी बीजक आणि रुग्णाचं बिल शेजारी ठेवलं की पाच मिनिटांत कळतं.

निधी खरोखर कमी पडला तर ते या योजनेच्या देखरेख समितीच्या कानावर घालून तिचे निर्देश घ्यायचे असतात. रुग्णाला परत पाठवणं हा त्यावरचा उपाय नाही.

कोरडवाहू

हे सगळं मान्य. पण महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पिवळ्या, केशरी, पांढऱ्या सगळ्या कार्डांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे. मग या १० टक्क्यांचं ओझं कशाला?

ओपीडी_खिडकी

कारण त्या योजनेत आजारांची यादी आहे. २०२४ मध्ये कवच वाढलं तेव्हा १,३५६ उपचार होते. जे यादीत नाही, किंवा ज्याला पूर्वमंजुरी मिळाली नाही, ते बाहेर. मूत्रपिंड प्रत्यारोपणाला तेव्हा साडेचार लाखांची वेगळी मर्यादा होती. आणि रुग्णालय त्या योजनेत सामील असावं लागतं, त्या विशिष्ट विभागासाठी सामील असावं लागतं. आयपीएफला आजारांची यादी नाही.

क्रम असा ठेवावा. आधी आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या फुले योजनेच्या माणसाकडे, जाऊन उपचार यादीत आहे का ते पाहा. असेल तर तिथूनच करा, डिस्चार्जनंतरचे दहा दिवस पाठपुरावाही त्यात आहे. नसेल, किंवा पूर्वमंजुरी नाकारली, तर नकार लेखी घ्या आणि तोच कागद जोडून त्याच दिवशी धर्मादाय योजनेचा अर्ज द्या. तिसरा दरवाजा मुख्यमंत्री सहायता निधीचा. तिथे उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार आहे, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यावर जातात. स्वतः बिल भरून नंतर परतावा मागितला तर मिळत नाही. तेव्हा तो अर्जही डिस्चार्जच्या आधीच.

शासनाच्या योजनेतून पैसे मिळालेला रुग्ण राखीव खाटेवर दाखवून त्याच बिलासाठी निधीही वळता केला, तर ती दुहेरी मोजणी होते. तपासणीत हे सहज निसटतं.

फळा_खडू

शाळेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. कलम १२(१)(क) प्रमाणे विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या. अल्पसंख्याक शाळा यातून वगळल्या आहेत, आधी २०१२ च्या निकालाने विनाअनुदानित आणि मग २०१४ च्या निकालाने सगळ्याच.

प्रतिपूर्ती किती? सरकारचा स्वतःच्या शाळेत दर मुलामागे होणारा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली जी रक्कम कमी असेल ती. महाराष्ट्रात हा दर १७,६७० रुपये आहे. करोनाच्या वर्षी तो ८ हजारांवर आणला होता.

आता दोन शाळा घ्या. दोन्हीत वर्गात ४० मुलं, पहिली ते आठवी मिळून ३२०, त्यातली ८० या कायद्याखालची. एका शाळेची फी ६० हजार. तिला सरकारकडून १४ लाख १३ हजार ६०० रुपये यायचे, बाकी २४० मुलांची फी १ कोटी ४४ लाख. म्हणजे सरकारचा वाटा तिच्या जमेच्या साधारण ९ टक्के. दुसऱ्या शाळेची फी १५ हजार. ती १७,६७० पेक्षा कमी, म्हणून तिला १५ हजारच मिळतात. ८० मुलांचे १२ लाख, बाकीच्यांचे ३६ लाख. सरकारचा वाटा थेट २५ टक्के.

प्रतिपूर्ती दोन-तीन वर्षं थकली की पहिली शाळा कुरकुर करते. दुसरीचे शिक्षकांचे पगार थकतात. थकबाकीचा मार सगळ्यांत जास्त गरीब वस्तीतल्या कमी फीच्या शाळेला बसतो, आणि ही मुलं बहुतेक तिथेच शिकत असतात. 'शाळा मुजोर आहेत' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे गणित पाहावं.

कोरडवाहू

मग तो पैसा जिल्हा परिषदेच्या शाळेलाच द्या ना. खासगी शाळांना पोसून सरकारी शाळेचा पट कमी करायचा, आणि मग पट कमी म्हणून ती बंद करायची.

फळा_खडू

पटाची चिंता खरी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला पैसा मिळायलाच हवा. पण एकाचं काढून दुसऱ्याला, या वाटेने राज्य गेलंच होतं. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट दिली. कर्नाटकात असाच नियम आधी झाला होता. शहरात एक किलोमीटरमध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही अशी जागा शोधावी लागते, त्यामुळे जवळपास सगळ्या खासगी शाळा सुटल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्थगिती दिली, १९ जुलैला अधिसूचना रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. आणि मुख्य म्हणजे वाचलेला पैसा जिल्हा परिषदेच्या शाळेला जाईल असं त्या अधिसूचनेत कुठेही नव्हतं.

ओसरी

शाळेच्या या २५ टक्के जागांसाठी अर्ज भरताना काय चुकतं ते लिहिते, कारण सोडतीत नाव लागूनही पडताळणीत बाद झालेली मुलं पाहिली की जीव तुटतो.

पहिली चूक नकाशाची. ऑनलाइन अर्जात घराची जागा लाल बलून हलवून दाखवायची असते. शाळेपासूनचं अंतर त्यावरूनच मोजतात आणि जवळच्यांना प्राधान्य असतं. सायबर कॅफेवाला घाईत बलून गल्लीच्या तोंडाशी किंवा चक्क स्वतःच्या दुकानावर ठेवतो. पडताळणी समिती पत्ता जुळवते, जुळला नाही तर प्रवेश रद्द. आई-वडिलांनी घरी उभं राहून फोनवर स्वतः जागा टिपावी.

दुसरी चूक भाडेकराराची. तो नोंदणीकृत हवा, नोटरीचा चालत नाही. मुदत किमान अकरा महिने आणि अर्जाच्या तारखेआधीचा हवा. घरमालक नोंदणीला तयार होत नाही, ही मोठी अडचण आहे. त्याला कर लागेल अशी भीती असते. नोंदणी ऑनलाइन होते, खर्च भाडेकरू उचलेल असं आधीच सांगितलं तर बरेच मालक तयार होतात.

तिसरी, दोनदा अर्ज. एक नाकारला जाईल या भीतीने मामाच्या पत्त्यावर दुसरा भरतात. दोन्ही बाद होतात. दहा शाळांचा पर्याय एकाच अर्जात आहे, तो पूर्ण वापरा. पण जिथे घालायचंच नाही ती शाळा लिहू नका. एकदा प्रवेश मिळाला की पुन्हा अर्ज करता येत नाही.

आणि संदेश येईल म्हणून थांबू नका. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून रोज पाहा, मुदत चार-आठ दिवसांची असते.

एक प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. रुग्णालयात ३ लाख ६० हजारांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब दुर्बल धरतात. शाळेत खुल्या प्रवर्गासाठी मर्यादा अजून १ लाखच आहे. महिन्याला ८,३३३ रुपये. इमारतीच्या रखवालदाराचं किमान वेतनही त्याहून जास्त आहे. म्हणजे कायद्याने पगार घेणारा माणूस दाखला मिळवू शकत नाही, मिळवायचा तर खोटा. आणि खोट्या दाखल्यावर प्रवेश घेतला की गुन्हा त्याच्यावर. ही मर्यादा वाढवली पाहिजे, याच्या आड येणारं एकही कारण मला दिसत नाही.

जमाखर्च

ओसरीताई, +१. यात एक गोष्ट जोडतो, ती रुग्णालय आणि शाळा दोन्हींना एकत्र बांधते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(२) च्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अटीत, म्हटलंय की शाळेने जमीन, इमारत किंवा साहित्य मोफत किंवा सवलतीत घेतलं असेल आणि त्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवण्याचं बंधन आधीच असेल, तर तेवढ्या मुलांची प्रतिपूर्ती मिळणार नाही. भूखंड वाटपाच्या आदेशात अशी अट आहे का, हे जिल्हाधिकारी, सिडको, म्हाडा किंवा महापालिकेच्या मालमत्ता विभागाकडे विचारता येतं. सवलतीचा भूखंडही घ्यायचा आणि प्रतिपूर्तीही, असं झालं तर जनतेने एका जागेचे पैसे दोनदा मोजले. तोच पैसा फळा_खडू यांच्या १५ हजार फीवाल्या शाळेची थकबाकी भागवायला वापरता आला असता.

रुग्णालयाचं काय मागायचं तेही सांगतो. धर्मादाय रुग्णालयाला माहिती अधिकार थेट लागू होईलच असं नाही. पण त्यांनी धर्मादाय कार्यालयात जे दाखल केलंय ते त्या कार्यालयाकडून मागता येतं. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका, ते हमखास परत येतं. असं लिहा: अमुक आर्थिक वर्षासाठी अमुक रुग्णालयाने सादर केलेल्या मासिक विवरणांच्या प्रती, रुग्णांची नावं वगळून, त्यातलं एकूण बिल, निधीत जमा, निधीतून खर्च आणि वर्षअखेरची शिल्लक, निर्धन व दुर्बल रुग्णांची संख्या. नावं वगळायला आपणच सांगितलं की खासगीपणाचं कारण उरत नाही.

सोबत लेखापरीक्षित ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक मागा, परिशिष्ट आठ आणि नऊ. निर्धन रुग्ण निधी ताळेबंदात राखीव निधी म्हणून वेगळा दिसला पाहिजे. तो कुठेच दिसत नसेल आणि २ टक्के 'दिले' असं लिहिलं असेल, तर तो पैसा कुठल्या खात्यावर आहे हा पुढचा प्रश्न. विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ५८ खाली न्यासाच्या वर्गणीचीही एक वेगळी तरतूद आहे, तिची आणि या २ टक्क्यांची गल्लत करू नका. पत्रकात दोन्ही ओळी वेगळ्या असतात.

केशरी_कार्ड

शाळेने प्रवेश दिला, पण गणवेश, वह्या आणि 'उपक्रम शुल्क' म्हणून बारा हजार मागितले तर?

ओसरी

मागणी लेखी घ्या, निदान पावतीवर कशाचे पैसे ते लिहून घ्या. मग गटशिक्षणाधिकाऱ्याकडे अर्ज आणि प्रत शिक्षणाधिकारी प्राथमिक यांना. मुंबईत महापालिकेचा शिक्षण विभाग. प्रवेशासाठी देणगी घेतली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ खाली तिच्या दहापटीपर्यंत दंड आहे, मुलाची किंवा पालकांची चाचणी घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. अर्जात कलमाचा आकडा लिहा, फरक पडतो. आणि चार-पाच पालकांनी मिळून अर्ज द्या. एकटं मूल ओळखलं जातं आणि वर्गात त्याला मागच्या बाकावर बसवतात, ही भीती खोटी नाही.

फळा_खडू

आणखी एक, आत्ताच ठरवून ठेवण्यासारखं. हा हक्क आठवीला संपतो. नववीत शाळा पूर्ण फी मागते आणि ते कायद्याने चूक नाही. सहावी-सातवीतच जवळच्या अनुदानित माध्यमिक शाळेत चौकशी करा. इंग्रजी माध्यमातून येणारं मूल असेल तर तिथे सेमी-इंग्रजी तुकडी आहे का ते पाहा. नववीच्या जागा आठवीतून वर येणाऱ्या मुलांनी आधीच भरलेल्या असतात. म्हणून शक्य असेल तर आठवीलाच बदल करावा. फुकटचं एक वर्ष सोडावं लागतं, पण दहावीच्या तोंडावर शाळा शोधत फिरण्यापेक्षा ते परवडतं.

जमाखर्च

माहिती अधिकाराचे दोन नमुना अर्ज, एक धर्मादाय कार्यालयासाठी आणि एक शिक्षणाधिकाऱ्यासाठी, याच धाग्यात रविवारपर्यंत टाकतो. शिक्षणाधिकाऱ्याच्या अर्जात शाळानिहाय तीन रकाने मागायचे: मंजूर प्रतिपूर्ती, प्रत्यक्ष दिलेली रक्कम, आणि ती कोणत्या शैक्षणिक वर्षाची. तिसरा रकाना विसरू नका. जुन्या वर्षाची रक्कम चालू वर्षात दिली की थकबाकी कमी झाल्यासारखी दिसते. ज्यांना उत्तरं मिळतील त्यांनी शाळेचं किंवा रुग्णालयाचं नाव न घालता फक्त जिल्हा आणि आकडे इथे लिहावेत, म्हणजे तुलना करता येईल.